दळणाच्या डब्यात गिरणी कशाला? कंटेनर इमेज लहान आणि स्वच्छ ठेवण्याविषयी

सेबीने ऑगस्ट २०२४ मध्ये भांडवली बाजारातील संस्थांसाठी सायबर सुरक्षेची नवी चौकट जाहीर केली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने ‘एसबॉम’विषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. एसबॉम म्हणजे एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये कोणकोणते घटक आहेत, ते कोणत्या आवृत्तीचे आहेत आणि कुठून आलेले आहेत याची यादी. बिस्किटांच्या पुड्यावर मागच्या बाजूला छापलेली असते, तशीच. अशी यादी पहिल्यांदा काढून पाहणाऱ्याला बहुधा धक्का बसतो. गो भाषेत लिहिलेली एखादी साधी सेवा असते, तिचा स्वतःचा कोड चार-पाच हजार ओळींचा असतो, आणि यादीत मात्र बॅश, पर्ल, गिट, सबव्हर्जन, सी भाषेचा कंपायलर, मेक अशी नावांची रांग लागते. त्यातल्या बऱ्याच नावांसमोर माहीत असलेल्या सुरक्षा-त्रुटींचे क्रमांकही असतात. ‘पण हे आम्ही वापरतच नाही’ हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे, कारण वापरत नसलेली ही सगळी सामग्री आपणच बांधून ग्राहकाच्या सर्व्हरवर पाठवलेली असते.

ती तिथे कशी पोचते आणि ती न पाठवता काम कसे चालवावे, हे समजून घेण्यासाठी आधी कंटेनर म्हणजे काय ते पाहू.

कंटेनर आणि इमेज

कंटेनरला पुष्कळ जण ‘लहानसे आभासी यंत्र’ समजतात. तसे ते नाही. आभासी यंत्रात स्वतंत्र ऑपरेटिंग सिस्टिम असते, तिचा गाभा म्हणजे कर्नलही स्वतंत्र असतो. कंटेनरला स्वतःचा कर्नल नसतो. तो यजमान संगणकाच्या लिनक्स कर्नलवरच चालणारा एक साधा प्रोग्रॅम असतो; फक्त त्याला आपल्यापुरत्या फाइली, आपल्यापुरते नेटवर्क आणि आपल्यापुरती प्रोग्रॅमची यादी दिसेल अशी व्यवस्था कर्नलने केलेली असते. त्या प्रोग्रॅमला ज्या फाइली दिसाव्यात त्यांचे गाठोडे आणि ‘सुरुवात कुठून करायची’ एवढी सूचना, यांना मिळून इमेज म्हणतात. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरने हे गाठोडे बांधणे आणि पाठवणे इतके सोपे केले की आज पुष्कळ सर्व्हरवरचे सॉफ्टवेअर असेच पोचते.

म्हणजे इमेजमध्ये अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम असलीच पाहिजे असा कोणताही नियम नाही. एकच फाइल असलेली इमेजही नियमाने वैध आहे. तरीही आपण डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स-प्रणालींचा सारा संसार सोबत घेतो, याचे कारण बहुतेक वेळा सवय हेच असते.

दळण आणि गिरणी

पायथनमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम चालवायला त्या ठिकाणी पायथन हजर असावे लागते. गो, रस्ट, सी, सी++ या भाषांची गोष्ट वेगळी आहे. तिथे कंपायलर नावाचे साधन आपला कोड आधीच यंत्राच्या भाषेत उतरवून एक फाइल तयार करते. तिला बायनरी म्हणतात. बायनरी तयार झाली की कंपायलरचे काम संपले.

आपण ज्वारी घेऊन गिरणीत जातो आणि पिठाचा डबा घेऊन घरी येतो. गिरणीचा पट्टा, मोटर, दगड आणि चाळण आपण घरी आणत नाही, कारण भाकरी थापायला त्यातले काही लागत नाही. कंटेनरच्या बाबतीत मात्र नेमके उलटे घडते. गो भाषेची जी अधिकृत इमेज मिळते ती मुळात गिरणी आहे: डेबियनवर आधारलेली, गो कंपायलरखेरीज सी आणि सी++ चे कंपायलर, गिटसारखी साधने, कंपायलरला लागणाऱ्या अनेक हेडर फाइली असे सगळे तिच्यात असते, आणि उलगडल्यावर तिचा आकार आठशे एमबीच्या घरात जातो. कोणी तरी ‘या इमेजवर माझा कोड ठेवा, कंपाइल करा आणि चालवा’ असे तीन ओळींत लिहितो, ते चालते, आणि पंधरा एमबीच्या बायनरीसोबत गिरणीही कायमची प्रवासाला निघते.

पुसले तरी जात नाही

यावर पहिला उपाय सुचतो तो असा: कंपाइल झाल्यावर कंपायलर पुसून टाकावा. तो चालत नाही, आणि का चालत नाही हे या विषयातले सर्वांत महत्त्वाचे कलम आहे.

इमेज कशी तयार करायची याची कृती ज्या फाइलीत लिहितात तिला डॉकरफाइल म्हणतात. त्या कृतीतली फाइली बदलणारी प्रत्येक पायरी इमेजवर एक नवा थर चढवते. खालचा थर एकदा तयार झाला की तो बदलत नाही. जुन्या पेढीवरच्या रोजकीर्दीत चुकलेली नोंद खोडत नसत, तिच्याविरुद्ध दुसरी नोंद घालत. हिशेब बरोबर येई, पण आधीची नोंद पानावर वाचता येई. थरांचेही तसेच आहे. एका पायरीत तीनशे एमबीची साधने उतरवली आणि पुढच्या पायरीत पुसली, तर वरच्या थरात ‘ही फाइल नाही असे समजावे’ एवढी खूण पडते. चालू कंटेनरमध्ये ती फाइल दिसत नाही, इमेजचा आकार मात्र तसूभरही घटत नाही.

आकाराचे एक वेळ सोडून देता येईल, पण गुपितांचे काय? खासगी कोड उतरवण्यासाठी एखादी किल्ली एका पायरीत आत घेतली आणि पुढच्या पायरीत पुसली, तर ती किल्ली खालच्या थरात जशीच्या तशी असते. प्रत्येक थर ही शेवटी एक साधी टार फाइल, म्हणजे एकत्र बांधलेल्या फाइलींची जुडी, आहे. इमेज ज्याच्या हाती आहे तो ती उलगडून किल्ली वाचू शकतो. बिल्डच्या वेळी, म्हणजे इमेज तयार होताना, आर्ग म्हणून बाहेरून पुरवलेला पासवर्डही इमेजच्या इतिहासात दिसू शकतो. डॉकरच्या नव्या बिल्ड-यंत्रणेत, म्हणजे बिल्डकिटमध्ये, गुपित एका पायरीपुरते जोडून देण्याची वेगळी सोय आहे. ते कोणत्याही थरात उतरत नाही, आणि किल्लीसाठी तोच मार्ग वापरावा.

दोन टप्प्यांची कृती

मे २०१७ मध्ये डॉकरच्या १७.०५ या आवृत्तीत बहुटप्पा बिल्डची सोय आली. त्याआधी लोक दोन वेगळ्या डॉकरफाइली आणि त्यांना जोडणारी एक स्क्रिप्ट असा खटाटोप करत. आता एकाच डॉकरफाइलीत दोन ‘फ्रॉम’, म्हणजे पायाची इमेज सांगणाऱ्या दोन ओळी, लिहिता येतात. पहिला ‘फ्रॉम’ गिरणीचा: गोची पूर्ण इमेज घ्या, कोड आत घ्या, कंपाइल करा. दुसरा ‘फ्रॉम’ डब्याचा: एखादी अगदी लहान किंवा चक्क रिकामी इमेज घ्या आणि ‘कॉपी’ या सूचनेने पहिल्या टप्प्यातली फक्त बायनरी उचलून आणा. ग्राहकाकडे जाते ती दुसऱ्या टप्प्याची इमेज. पहिल्या टप्प्याचे थर तिच्यात येतच नाहीत, त्यामुळे पुसण्याचा प्रश्नच उरत नाही.

पहिल्या टप्प्यात क्रमाकडे लक्ष द्यावे. आधी फक्त बाहेरच्या ज्या लायब्रऱ्या लागतात त्यांची यादी, म्हणजे गोच्या बाबतीत मॉड आणि सम या दोन फाइली, आत घ्याव्यात आणि लायब्रऱ्या उतरवून घ्याव्यात. आपला कोड त्यानंतर. डॉकर न बदललेल्या पायऱ्या पुन्हा करत नाही, साठवणीतून उचलतो. क्रम उलटा ठेवला तर एका ओळीतला स्वल्पविराम बदलला तरी सगळ्या लायब्रऱ्या पुन्हा उतरतात. प्रकल्पात डॉकरइग्नोर फाइलही असावी, म्हणजे गिटचा सारा इतिहास आणि पासवर्ड लिहिलेली एन्व्ह फाइल बिल्डमध्ये शिरत नाही. एक बारकावा मात्र ध्यानात असू द्यावा: पहिल्या टप्प्यातले गुपित अंतिम इमेजमध्ये जात नसले तरी बिल्डच्या साठवणीत राहते, आणि ती साठवण रजिस्ट्रीवर, म्हणजे इमेजच्या सामायिक कोठारावर, चढवत असाल तर तेही तिथे पोचते.

रिकाम्या इमेजमध्ये बायनरी का अडते?

डॉकरमध्ये ‘स्क्रॅच’ नावाचा आरंभबिंदू आहे. त्यात एकही फाइल नाही. तिथे आपली बायनरी ठेवली आणि चालवली की पुष्कळांना पहिलाच संदेश मिळतो तो ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. फाइल तर डोळ्यांसमोर असते! इथे नवखा माणूस तासन्‌तास मार्ग तपासत बसतो.

खरे कारण असे, की बऱ्याच बायनरी स्वयंपूर्ण नसतात. त्यांना सी भाषेची मूळ लायब्ररी लागते आणि ती जोडून देणारा लोडर नावाचा छोटा प्रोग्रॅम लागतो. त्या लोडरचा पत्ता बायनरीतच कोरलेला असतो. कर्नल त्या पत्त्यावर जातो, तिथे कोणी नसते, आणि ‘फाइल नाही’ म्हणतो ते लोडरविषयी, आपल्या बायनरीविषयी नव्हे. गोमध्ये नेटवर्कवरची नावे शोधणे आणि वापरकर्त्यांची माहिती काढणे या दोन गोष्टींसाठी सी लायब्ररी आत येऊ शकते. बिल्ड करताना सीगो, म्हणजे गोमधून सीचा कोड वापरण्याची सोय, बंद ठेवले की गो स्वतःची अंमलबजावणी वापरते आणि बायनरी स्वयंपूर्ण होते. यालाच स्टॅटिक बायनरी म्हणतात. रस्टमध्ये यासाठी मसल या लहान सी लायब्ररीवर बेतलेले लक्ष्य निवडतात. लिनक्सवर सर्वत्र आढळणाऱ्या जीलिबसीने स्टॅटिक बायनरी करण्याच्या फंदात शक्यतो पडू नये. अशी बायनरी नावे शोधताना, चालू असतानाच, बाहेरच्या लायब्रऱ्या मागते आणि अडचण फक्त पुढे ढकलली जाते.

लोडरचा प्रश्न सुटला तरी रिकाम्या घरात आणखी काही गोष्टी नसतात, ज्या आपण गृहीत धरलेल्या असतात. एचटीटीपीएसने दुसऱ्या सर्व्हरशी बोलायचे तर विश्वासू प्रमाणपत्रांचा संच हवा. तो नसेल तर प्रत्येक जोडणी ‘अनोळखी संस्थेने सही केलेले प्रमाणपत्र’ म्हणून नाकारली जाते. तात्पुरत्या फाइलींसाठी टेम्प ही डिरेक्टरी हवी. आणि वेळेचा विभाग हवा.

या शेवटच्या गोष्टीचा फटका मला बसला आहे. दिवसभराच्या नोंदी मध्यरात्री बंद करून तारखेप्रमाणे लावणारी एक सेवा माझ्याकडे होती. ती डेबियनवरून स्क्रॅचवर हलवली, चाचण्या पार पडल्या, आणि तीन दिवसांनी हिशेब पाहणाऱ्या बाईंनी विचारले की रात्री साडेबारा आणि पहाटे चारच्या नोंदी आदल्या दिवशी कशा पडत आहेत. ‘एशिया/कोलकाता’ या विभागाची माहिती ज्या फाइलींत असते त्या नव्या इमेजमध्ये नव्हत्या, आणि विभाग सापडला नाही तर यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, धरावी अशी ओळ माझ्याच कोडमध्ये होती. आमचा दिवस त्यामुळे मध्यरात्रीऐवजी पहाटे साडेपाचला बदलत होता. चाचण्या माझ्या संगणकावर चालत असल्यामुळे त्यांना हे कधीच दिसले नसते. गो १.१५ पासून, म्हणजे २०२० पासून, ही सारी माहिती बायनरीतच भरून घेता येते आणि त्याने आकार सुमारे साडेचारशे केबीनेच वाढतो. आता मी ती भरून घेतो, ती यूटीसीची ओळ काढली आहे, आणि विभाग सापडला नाही तर सेवा सुरूच होत नाही. चाचण्याही अंतिम इमेजवरच चालवतो.

मग पाया कोणता घ्यावा?

स्क्रॅच आणि डेबियन यांच्या मधल्या जागा आहेत. गूगलने सुरू केलेल्या डिस्ट्रोलेस इमेजमध्ये शेल, म्हणजे आज्ञा टाइप करून चालवण्याचा बॅशसारखा प्रोग्रॅम, नाही, पॅकेज बसवणारे साधन नाही. तिच्या स्टॅटिक प्रकारात प्रमाणपत्रे, वेळेचे विभाग, टेम्प डिरेक्टरी आणि वापरकर्त्यांची लहानशी नोंद एवढेच असते, आणि तिचा आकार दोन एमबीच्या आसपास आहे. अल्पाइन ही लहान लिनक्स-प्रणाली सात-आठ एमबीची असून तिच्यात शेल आणि पॅकेजचे साधन दोन्ही आहे, पण तिची सी लायब्ररी मसल आहे. डेबियनची स्लिम आवृत्ती ऐंशी एमबीच्या आगेमागे जाते.

माझे मत स्पष्ट आहे: गोच्या सेवेसाठी डिस्ट्रोलेसचा स्टॅटिक प्रकार घ्यावा. स्क्रॅचवर जे हाताने आणावे लागते ते तिथे नीट मांडून ठेवलेले असते आणि स्क्रॅच घेतल्याने वाचतील ते दोन एमबी कोणाच्याच उपयोगाचे नसतात. सी++ चा मोठा प्रकल्प जीलिबसीवर अवलंबून असेल तर अल्पाइनवर ओढून-ताणून बसवण्यापेक्षा डिस्ट्रोलेसचा जीलिबसी असलेला प्रकार किंवा डेबियन स्लिम बरी. मसलवर एकाच वेळी अनेक धागे (थ्रेड) चालवणाऱ्या प्रोग्रॅमची मेमरी-वाटणी मंदावते, आणि मोठी डीएनएस, म्हणजे नाव-शोधाची, उत्तरे टीसीपीवरून घेण्याची सोय मसलमध्ये २०२३ च्या १.२.४ आवृत्तीपर्यंत नव्हती. लहान इमेजसाठी असल्या फरकांचा शोध घेत रात्री घालवणे परवडत नाही.

बायनरीतली डीबगची, म्हणजे बिघाड शोधण्यासाठी ठेवलेली, माहिती काढून टाकल्यास आकार बराच घटतो, ते जरूर करावे. यूपीएक्ससारख्या साधनाने बायनरी दाबून आणखी लहान करणे मात्र टाळावे. रजिस्ट्री थर आधीच दाबून ठेवते, त्यामुळे फायदा थोडा. उलट सुरू होण्याचा वेळ वाढतो आणि काही विषाणू-तपासण्यांना अशी फाइल संशयास्पद वाटते.

‘डिस्क स्वस्त आहे, एवढी काटकसर कशासाठी?’

हा आक्षेप पोकळ नाही. एकाच पायाचे थर यंत्रावर एकदाच उतरतात, त्यामुळे दहा सेवा एकाच डेबियनवर असतील तर डेबियन दहा वेळा येत नाही. परंतु गर्दी वाढली की नवे यंत्र जोडले जाते, ते कोरे असते, आणि ग्राहक ताटकळत असताना पहिल्यापासून सगळे उतरवत बसते. तिथे पंधरा एमबी आणि आठशे एमबी यांतला फरक सेकंदांत मोजता येतो.

तरीही आकाराला मी दुय्यम मानतो. खरा खर्च माणसांच्या वेळेचा आहे. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा शोध घेताना एक्सझेड या फाइल दाबणाऱ्या लायब्ररीत कोणी तरी हेतुपुरस्सर पेरलेला चोरदरवाजा सापडला. तो डेबियनच्या स्थिर आवृत्तीत पोचला नव्हता, पण त्या आठवड्यात जगभरच्या चमूंना ‘आपल्या कोणकोणत्या इमेजमध्ये ही लायब्ररी आहे आणि कोणत्या आवृत्तीची?’ हे शोधावे लागले. ज्यांच्या इमेजमध्ये एक बायनरी आणि प्रमाणपत्रे एवढेच होते, त्यांना उत्तर द्यायला मिनिटही लागले नाही.

‘शेल नाही, तर बिघाड शोधायचा कसा?’

चालू कंटेनरमध्ये शिरून लॉग पाहण्याची, एखादी आज्ञा चालवून बघण्याची सवय असलेल्यांना ही अडचण खरीच वाटते. पण जे साधन आपल्या हाताशी येते तेच घुसखोराच्याही येते. अनेक यंत्रांवर कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटिस या प्रणालीत ऑगस्ट २०२२ च्या १.२५ आवृत्तीपासून तात्पुरता कंटेनर जोडण्याची सोय स्थिर झाली आहे: शेल आणि साधने असलेला दुसरा कंटेनर बिघडलेल्याच्या शेजारी जोडायचा आणि काम झाले की सोडून द्यायचा. साध्या डॉकरवरही दुसरा कंटेनर पहिल्याच्या नेटवर्कमध्ये आणि प्रोग्रॅमच्या यादीत सामील करता येतो. डिस्ट्रोलेसचे शेल असलेले डीबग प्रकारही मिळतात. ते चाचणीच्या सर्व्हरपुरते ठेवावेत.

शेल नसण्याचा एक परिणाम आधीच माहीत असावा. डॉकरफाइलीत सुरुवातीची आज्ञा साध्या ओळीत लिहिली तर डॉकर ती शेलकरवी चालवू पाहतो आणि शेल नसल्याने कंटेनर उठतच नाही. चौकटी कंसांत, यादीच्या रूपात लिहिली की बायनरी थेट सुरू होते. थांबण्याचा इशाराही मग तिलाच मिळतो. नाहीतर डॉकर ठरल्याप्रमाणे दहा सेकंद वाट पाहून तिला जबरदस्तीने मारतो.

‘तपासणीत शून्य त्रुटी आल्या, म्हणजे झाले?’

नाही, आणि इथे मला फार काळजी वाटते. त्रुटी शोधणारी अनेक साधने इमेजमधली पॅकेजांची नोंदवही वाचतात. स्क्रॅचवर नोंदवहीच नसते, म्हणून साधन शून्य म्हणते, तेव्हा तो शून्य कधी स्वच्छतेचा असतो तर कधी काहीच न दिसल्याचा. गोच्या बायनरीत कोणत्या लायब्रऱ्या कोणत्या आवृत्तीच्या आहेत याची नोंद कंपायलर स्वतः करून ठेवतो, डीबगची माहिती काढली तरी ती टिकते, आणि चांगली साधने ती वाचतात. रस्ट किंवा सी++ च्या बाबतीत मात्र बिल्ड करतानाच एसबॉम काढून इमेजसोबत जोडावा. नंतर बायनरीकडे पाहून तो बनवता येईल या भरवशावर राहू नये.

शिवाय स्टॅटिक बायनरीत लायब्ररी विरघळलेली असते. गोच्या मूळ लायब्ररीत त्रुटी निघाली तर नवा कंपायलर घेऊन पुन्हा बिल्ड करण्यावाचून उपाय नसतो. दोन वर्षे न हलवलेली दहा एमबीची इमेज ही दोन वर्षे जुनीच असते. दर आठवड्याला आपोआप बिल्ड होईल अशी व्यवस्था असावी, आणि पायाची इमेज नुसत्या नावाने न घेता तिच्या शा-२५६ ठशाने, म्हणजे आतल्या मजकुरावरून काढलेल्या ओळख-क्रमांकाने, घ्यावी, म्हणजे काय बदलले आणि केव्हा बदलले ते सांगता येते.

आणि कर्नल तर यजमानाचाच असतो. जानेवारी २०२४ मध्ये कंटेनर चालवणाऱ्या रनसी या साधनातच अशी त्रुटी उघड झाली की तिच्यामुळे कंटेनरमधून यजमान यंत्रावर पोचता येत होते. इमेज किती लहान आहे याने तिथे संरक्षण मिळत नाही. म्हणून बायनरी रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून न चालवता साध्या वापरकर्त्याच्या नावाने चालवावी. डिस्ट्रोलेसच्या नॉनरूट प्रकारात ६५५३२ क्रमांकाचा असा वापरकर्ता तयार असतो. शक्य असेल तिथे फाइल प्रणालीही फक्त वाचण्यापुरती ठेवावी.

स्वतः पाहायचे असेल तर

आपली इमेज घेऊन तिच्यापासून कंटेनर तयार करावा, सुरू करू नये. मग डॉकरच्या एक्सपोर्ट आज्ञेचे फलित टारकडे देऊन फाइलींची यादी छापावी. गोच्या पूर्ण इमेजवर बांधलेल्या सेवेची यादी पडद्यावरून हजारो ओळींनी धावत राहते. स्क्रॅचवरच्या सेवेची यादी एका पडद्यावर मावते, आणि तिच्यातही डॉकरएन्व्ह, होस्ट्स, रिझॉल्व्ह, प्रॉक, सिस अशी काही नावे दिसतात. ती आपल्या इमेजमधली नसून कंटेनर उभा करताना डॉकरने स्वतः ठेवलेली असतात. ती वगळून उरलेल्या प्रत्येक नावावर बोट ठेवून ‘हे का आहे?’ असे विचारावे. स्क्रॅचवरच राहिलेल्या माझ्या त्या नोंदींच्या सेवेत आज दोनच नावे उरली आहेत: बायनरी आणि प्रमाणपत्रांची फाइल.